इंग्रजी उतारा वाचताना शब्द कळतात, पण परिच्छेद कळत नाही: सराव कसा करावा?

प्रश्न: वाडी, बडोदा येथील विद्यार्थिनी

नमस्कार. मी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असून अर्थशास्त्र हा माझा मुख्य विषय आहे. आमच्या घरी मराठी बोलली जाते, माझे बारावीपर्यंतचे शिक्षण गुजराती माध्यमातून झाले, आणि विद्यापीठात शिकवण्याचे माध्यम इंग्रजी आहे. वर्गातील व्याख्यान मला बऱ्यापैकी समजते, कारण प्राध्यापक उदाहरणे देतात, फळ्यावर आकृती काढतात आणि अडले तर विचारता येते. अडचण येते ती एकटीने पुस्तक वाचताना.

एखादा परिच्छेद वाचताना त्यातील बहुतेक सगळे शब्द ओळखीचे असतात, आणि तरीही शेवटी पोहोचल्यावर लेखकाने नेमके काय म्हटले हे मला सांगता येत नाही. मग मी पुन्हा वाचते; दुसऱ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो, पण प्रश्न विचारला तर उत्तर सुचत नाही. विशेषतः ज्या परिच्छेदात लेखक आधी दुसऱ्या कोणाचे मत मांडतो आणि नंतर त्याला आक्षेप घेतो, तिथे कोणते मत कोणाचे हेच हातातून निसटते.

यावर उपाय म्हणून मी आकलनाच्या सराव-पुस्तकांतील उतारे सोडवत आहे. उतारा वाचायचा, चार-पाच प्रश्नांची उत्तरे द्यायची आणि मागे दिलेल्या उत्तरांशी ताडून पाहायची, असा माझा क्रम असतो. गुण कधी चांगले येतात, कधी वाईट, आणि त्यामागचे कारण मला सापडत नाही. मला रोज साधारण एक तास देता येईल. या तासात नेमके काय करावे? प्रत्येक अडलेला शब्द शब्दकोशात पाहावा, की अंदाजाने पुढे जावे? मनातल्या मनात भाषांतर करत वाचणे ही वाईट सवय आहे, असे काही जण सांगतात. ते खरे आहे का? पुढे पदव्युत्तर प्रवेशासाठी किंवा परदेशी शिक्षणासाठी एखादी परीक्षा द्यावी लागेल, तेव्हा वेगही वाढवावा लागेल. ज्यांनी हा टप्पा पार केला आहे किंवा जे शिकवतात, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: दांडिया बाजार, निवृत्त इंग्रजी अध्यापक

तुम्ही अडचण फार नेमकी मांडली आहे, आणि तिच्यातच उत्तराची दिशाही आहे. सराव-पुस्तकातील उतारा आणि त्याखालचे प्रश्न हे तापमापीसारखे असतात. ताप किती आहे ते त्यावरून कळते, पण रोज तापमापी लावल्याने ताप उतरत नाही. म्हणून तुमच्या तासातील मोठा भाग प्रश्न सोडवण्यापासून काढून घेऊन वाक्ये उलगडण्याला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

शब्द ओळखीचे असूनही परिच्छेद कळत नाही, याचे पहिले कारण वाक्याच्या बांधणीत असते. मराठीत आणि गुजरातीतही क्रियापद शेवटी येते, आणि नामाचे वर्णन बहुधा नामाच्या आधी येते. इंग्रजीत नाम आधी येते, त्याचे वर्णन शेपटासारखे मागून लांबत जाते, आणि मुख्य क्रियापद त्या शेपटानंतर कुठेतरी सापडते. एक उदाहरण देतो: ‘द फार्मर्स हू हॅड बॉरोड फ्रॉम द मनीलेंडर्स सेटल्ड इन द टाउन लॉस्ट देअर लँड.’ या वाक्यातला एकही शब्द तुम्हाला अवघड वाटणार नाही. परंतु घाईत वाचणारा विद्यार्थी ‘सेटल्ड’ हेच मुख्य क्रियापद धरतो, शेतकरी शहरात स्थायिक झाले असे समजतो, आणि पुढचा ‘लॉस्ट’ आला की गोंधळतो. शहरात स्थायिक झालेल्या सावकारांकडून ज्यांनी कर्ज घेतले होते, त्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, हा त्याचा अर्थ आहे. असे दोन गोंधळ एका परिच्छेदात झाले की सगळे शब्द माहीत असूनही लेखकाचे म्हणणे हाती लागत नाही.

त्यासाठी करायचा सराव असा. तुमच्या नेमलेल्या पुस्तकातील एकच परिच्छेद घ्यावा. प्रत्येक लांब वाक्यातील मुख्य क्रियापद आधी शोधून त्याखाली पेन्सिलीने रेघ मारावी, मग ते क्रियापद कोणाचे हे शोधून त्या कर्त्याखाली रेघ मारावी, आणि मधला सगळा मजकूर क्षणभर बाजूला ठेवून ते दोनच शब्द जोडून वाचावेत. सांगाडा स्पष्ट झाल्यावर बाजूला ठेवलेला मजकूर एकेक करून परत जोडत जावा आणि तो कोणत्या शब्दाला चिकटतो ते प्रत्येक वेळी ठरवावे. सुरुवातीला एका परिच्छेदाला पंधरा-वीस मिनिटे लागतील, आणि ती लागू द्यावीत. ही सवय अंगवळणी पडली की रेघा न मारताही नजर क्रियापदाकडे जाऊ लागते, आणि वेग वाढायला तिथूनच सुरुवात होते.

अर्थशास्त्राच्या मजकुरात याच्या जोडीला नामांच्या लांब माळा असतात. ‘रिअल इफेक्टिव्ह एक्स्चेंज रेट’ यासारख्या माळेत शेवटचे नाम हे मुख्य असते आणि आधीचे सगळे शब्द त्याला विशेषण म्हणून लागतात. मराठीतील ‘कर्जवसुली न्यायाधिकरण’ या शब्दप्रयोगातही हीच रचना आहे, त्यामुळे ती तुम्हाला परकी नाही. फक्त माळ मागून पुढे सोडवत यायचे, एवढे लक्षात ठेवावे.

कोणते मत कोणाचे हे निसटते, असे तुम्ही म्हणता. त्याचे मूळ छोट्या शब्दांत आहे. ‘हाउएव्हर’, ‘ऑल्दो’, ‘अनलेस’, ‘हार्डली’, ‘येट’ हे शब्द सगळ्यांना येतात आणि म्हणूनच त्यांच्यावरून नजर घसरते. लेखक ‘इट इज ऑफन आर्ग्यूड दॅट’ असे म्हणतो तेव्हा पुढचे मत बहुधा त्याचे स्वतःचे नसते, आणि थोड्याच अंतरावर ‘बट’ किंवा ‘हाउएव्हर’ येण्याची वाट पाहावी. त्याचप्रमाणे ‘मे’, ‘टेंड्स टु’, ‘अपिअर्स टु’ या शब्दांनी लेखक आपले विधान मर्यादित करतो. आकलनाच्या प्रश्नांतील चुकीचे पर्याय अनेकदा नेमकी ही मर्यादा पुसून तयार केलेले असतात: उताऱ्यात ‘काही वेळा घडते’ असे असते आणि पर्यायात ‘नेहमी घडते’ असे असते. परिच्छेद वाचताना अशा शब्दांभोवती गोल करावा, आणि समासात ‘लेखक’ किंवा ‘इतर’ असे लिहून ठेवावे.

शब्दकोशाविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण या प्रश्नावर आपल्या उपखंडाच्या संदर्भात फार मोलाचे काम झालेले आहे. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षक ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात होते, आणि बंगाली विद्यार्थ्यांना इंग्रजीची सर्वांत मोठी गरज वाचनासाठी आहे, असे त्यांनी 1926 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात मांडले. मर्यादित शब्दसंख्येतील वाचनमाला त्यांनी तयार केली, आणि 1953 साली प्रसिद्ध झालेली सुमारे 2000 मूलभूत शब्दांची यादी आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. त्यानंतर 2000 साली न्यूझीलंडमधील ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी विद्यापीठीय ग्रंथांत वारंवार येणाऱ्या, पण वेस्ट यांच्या यादीत नसलेल्या 570 शब्दकुलांची (म्हणजे एक मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली रूपे यांच्या गटांची) यादी प्रसिद्ध केली. त्यांनी तपासलेल्या विद्यापीठीय मजकुरातील सुमारे 10 टक्के शब्द या 570 कुलांतून आलेले होते. ही यादी महाजालावर मोफत मिळते. तुमच्यासारख्या विद्यार्थिनीने नवे शब्द पाठ करायचे असतील तर ते या यादीतून करावेत, कारण यातील शब्द अर्थशास्त्रात, समाजशास्त्रात आणि इतिहासात सारखेच भेटतात. दुर्मीळ शब्दांची जाड पुस्तके सध्या बाजूला ठेवावीत.

वाचताना कोणता शब्द पाहावा याची कसोटी सोपी आहे. तो शब्द मुख्य क्रियापद असेल, तोच शब्द त्या पानावर पुन्हा आला असेल, किंवा त्याच्याशिवाय वाक्याचा सांगाडाच उभा राहत नसेल, तर थांबून पाहावा. बाकीच्या शब्दांवर खूण करून पुढे जावे आणि परिच्छेद संपल्यावर परत यावे. एका ओळीत दोन-तीन शब्द अनोळखी असतील, तर अंदाज बांधायला पुरेसा आधारच उरत नाही. शंभर शब्दांत साधारण दोनच अनोळखी असतील तेव्हा मजकूर आधाराविना नीट समजतो, असे वाचनाच्या अभ्यासकांनी दाखवले आहे. तेव्हा फारच जड मजकूर हातात आला, तर त्याच विषयावरील सोपा मजकूर आधी वाचावा.

उत्तर: प्रतापगंज, समाजशास्त्रात संशोधन करणारी विद्यार्थिनी

सरांचे वाक्यरचनेविषयीचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. त्यांनी शेवटी ओझरता उल्लेख केलेली गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्याविषयी लिहिते. उतारा ज्या विषयावर आहे तो विषय आपल्याला किती माहीत आहे, यावर आकलन फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते, आणि तुमचे गुण कधी वर तर कधी खाली का जातात, याचे कारण बहुधा इथेच आहे. पुढच्या काही उताऱ्यांच्या वेळी प्रत्येक उताऱ्यापुढे त्याचा विषय आणि गुण लिहून ठेवा. कर, व्यापार, शेती यांवरील उताऱ्यांत गुण चांगले आणि युरोपीय चित्रकला किंवा सागरी जीवांवरील उताऱ्यांत कमी, असे चित्र दिसले, तर अडचण फक्त इंग्रजीची नाही हे उघड होईल.

मानसशास्त्रात याविषयी दोन प्रयोग प्रसिद्ध आहेत. ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन यांनी 1972 साली एक उतारा ऐकवला, ज्यात कपडे धुण्याची साधी कृती अतिशय मोघम शब्दांत लिहिली होती. ज्यांना विषय आधी सांगितला, त्यांना तो समजला आणि इतरांच्या साधारण दुप्पट लक्षात राहिला. ज्यांना विषय ऐकून झाल्यावर सांगितला, त्यांना त्याचा काहीच उपयोग झाला नाही. ते सर्व श्रोते इंग्रजीभाषक होते आणि उताऱ्यात एकही कठीण शब्द नव्हता. दुसरा प्रयोग रेक्ट आणि लेस्ली यांचा, 1988 सालचा. त्यांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची पण बेसबॉलची जाण असलेली मुले ही वाचनात पक्की पण बेसबॉलची जाण नसलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. आपल्यापैकी जे क्रिकेट पाहतात, त्यांना कसोटी सामन्याचा इंग्रजी वृत्तान्त किती सहज कळतो, हे आठवले तर याची खात्री पटेल.

यावरून निघणारा मार्ग असा की इंग्रजी वाचण्याआधी विषय आपल्या भाषेत वाचावा, आणि तो कमीपणा मानू नये. मराठीत यासाठी उत्तम साधने आहेत. वाईहून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सुरू झालेला मराठी विश्वकोश आज संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो, आणि अर्थशास्त्रातील मूलभूत संकल्पनांवर त्यात स्वतंत्र नोंदी आहेत. त्याहून उपयोगी गोष्ट म्हणजे महाराष्ट्राच्या बालभारतीची अकरावी-बारावीची अर्थशास्त्राची पुस्तके. ती मराठीत आणि इंग्रजीत अशी दोन्ही माध्यमांत निघतात आणि संगणकावर उतरवून घेता येतात. प्रकरणे तीच, क्रम तोच. एक विभाग मराठीत वाचावा, पुस्तक मिटावे, आणि तोच विभाग इंग्रजीत वाचावा. इंग्रजी वाक्य पुढे कुठे जाणार आहे हे आधीच माहीत असल्यामुळे सगळे लक्ष ते वाक्य कसे बांधले आहे याकडे देता येते. सरांनी सांगितलेला क्रियापद शोधण्याचा सराव अशा मजकुरावर सुरू केला, तर तो फार लवकर हाताशी येईल. त्यानंतर एनसीईआरटीची इंग्रजी पुस्तके आणि मग विद्यापीठाचे पुस्तक, अशा पायऱ्या चढाव्यात.

आणखी एक सूचना आहे, आणि ती अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीला विशेष लागू पडते. दर दिवशी वेगळ्या विषयावरचा उतारा घेण्याऐवजी काही आठवडे एकाच विषयावर राहावे, कारण मग तेच शब्द, तीच नावे आणि तेच वाद पुन्हा पुन्हा भेटतात. रिझर्व्ह बँकेचा धोरणात्मक व्याजदर ठरवणाऱ्या पतधोरण समितीचे ठराव यासाठी मला आदर्श वाटतात. ही सहा सदस्यांची समिती 2016 साली अस्तित्वात आली. चलनवाढ 4 टक्क्यांवर, म्हणजे 2 ते 6 टक्क्यांच्या पट्ट्यात राखण्याचे उद्दिष्ट तिच्यासमोर असते. साधारण दर दोन महिन्यांनी तिची बैठक होते. ठराव फार मोठा नसतो. त्यात जगाची स्थिती, देशातील वाढ, चलनवाढ आणि शेवटी निर्णय व मतदान येते. लागोपाठचे तीन ठराव वाचले की तुम्हाला दिसेल की बरीच वाक्ये जवळजवळ तीच आहेत आणि मोजके शब्द बदलले आहेत. कोणता शब्द बदलला आणि का बदलला, हे शोधणे हा आकलनाचा फार उच्च दर्जाचा सराव आहे. वृत्तपत्रांतील जाणकारही तेच करतात.

याच बैठकीचे इतिवृत्त चौदाव्या दिवशी प्रसिद्ध होते आणि त्यात प्रत्येक सदस्याचे स्वतंत्र निवेदन असते. कोणते मत कोणाचे हे निसटते, ही तुमची तक्रार दूर करायला यापेक्षा चांगला मजकूर मला माहीत नाही. सहा माणसे एकाच आकडेवारीकडे पाहून लिहितात, काही वेळा त्यांचे निष्कर्ष वेगळे असतात, आणि हा फरक कुठल्या वाक्यात सुरू होतो ते तुम्हाला बोट ठेवून दाखवता आले पाहिजे.

बसून वाचायला विद्यापीठाचे हंसा मेहता ग्रंथालय आहेच. घरून जवळ म्हणून मांडवीचे मध्यवर्ती ग्रंथालयही पाहा. सयाजीराव महाराजांनी 1910 साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून जी ग्रंथालय-व्यवस्था उभी केली, तिचे हे केंद्र. तिथे मराठी, गुजराती आणि इंग्रजी पुस्तके एकाच छताखाली असल्यामुळे एखाद्या विषयावर तिन्ही भाषांतील पुस्तके शेजारी ठेवून वाचता येतात.

उत्तर: मांजलपूर, नोकरी सांभाळून प्रवेश परीक्षांची तयारी करणारा

वरील दोन्ही उत्तरे पाया घालण्यासाठी उत्तम आहेत, परंतु परीक्षेचा विचार वेगळा करावा लागतो, आणि सराव-उतारे अगदीच बाजूला ठेवावेत या मताशी मी सहमत नाही. परदेशी शिक्षणासाठी द्याव्या लागणाऱ्या आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या ॲकॅडेमिक वाचन-विभागात तीन मोठे उतारे, 40 प्रश्न आणि 60 मिनिटे असतात. कॅट या व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षेत अलीकडच्या वर्षांत भाषेच्या विभागाला 40 मिनिटे मिळतात आणि 24 पैकी 16 प्रश्न चार उताऱ्यांवर असतात. इतक्या वेळात प्रत्येक वाक्याचे क्रियापद शोधत बसता येणार नाही, त्यामुळे परीक्षेच्या आधीचे दोन-तीन महिने घड्याळ लावून सराव करणे भागच आहे.

मात्र सोडवलेल्या उताऱ्याचा उपयोग उत्तरे ताडून पाहण्यापुरता ठेवू नये. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर उताऱ्यातील कोणत्या वाक्यावरून बरोबर उत्तर निघते ते लिहावे, आणि आपण निवडलेला पर्याय कोणत्या शब्दामुळे चूक ठरतो तेही लिहावे. हे लिहिता येत नसेल तर तो प्रश्न अजून सुटलेला नाही, असे समजावे. बरोबर आलेल्या पण अंदाजाने दिलेल्या उत्तरांनाही हाच नियम लावावा. अशी वही ठेवली की काही आठवड्यांत चुकांचे प्रकार ठळक दिसू लागतात: कोणी उताऱ्यात नसलेली माहिती स्वतःच्या ज्ञानातून भरतो, कोणी एका परिच्छेदातील उदाहरणालाच संपूर्ण उताऱ्याचा मुख्य मुद्दा समजतो.

पहिला प्रकार आयईएल्टीएसमध्ये फार महाग पडतो, कारण तिथे ‘खरे’, ‘खोटे’ आणि ‘दिलेले नाही’ असे तीन पर्याय असलेले प्रश्न असतात. उताऱ्यातील मजकूर विधानाच्या विरुद्ध जात असेल तरच ‘खोटे’. उतारा त्या बाबतीत काहीच बोलत नसेल, तर आपल्याला व्यवहारात सत्य माहीत असले तरी ‘दिलेले नाही’. ताईंनी सांगितलेले विषयज्ञान इथे आडवे येऊ शकते, एवढे ध्यानात असू द्यावे. आयईएल्टीएसमध्ये चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नये. कॅटमध्ये पर्यायी प्रश्नाचे बरोबर उत्तर दिल्यास 3 गुण मिळतात आणि चुकल्यास 1 गुण वजा होतो, म्हणून तिथे शंकास्पद प्रश्न सोडण्याचाही सराव लागतो.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. सरांनी सांगितल्याप्रमाणे मी माझ्या पुस्तकातील एक परिच्छेद घेतला आणि क्रियापदे शोधली. एका वाक्यात मी ज्याला क्रियापद समजत होते ते नामाचे वर्णन निघाले, आणि ते लक्षात येताच पुढची तीन वाक्ये आपोआप जुळली. पतधोरण समितीचा अलीकडचा ठरावही उतरवून घेतला आहे.

आता दोनच शंका उरल्या आहेत. परिच्छेद वाचून झाल्यावर सारांश लिहायचा असेल तर तो कोणत्या भाषेत लिहावा? अर्थशास्त्राच्या संकल्पना शाळेपासून गुजरातीत शिकल्यामुळे चलनवाढ म्हटले की माझ्या मनात आधी ‘फुगावो’ येतो, घरच्यांना समजावून सांगताना मी मराठीत सांगते, आणि परीक्षेत इंग्रजीत लिहायचे असते. दुसरी शंका अशी की परिच्छेद दोन-तीन वेळा वाचून मग सारांश लिहावा, की एकदाच वाचून?

उत्तर: दांडिया बाजार, निवृत्त इंग्रजी अध्यापक

दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो. परिच्छेद एकदा नीट उलगडून झाला की पुस्तक मिटावे आणि आठवेल तेवढे लिहावे. लिहून झाल्यावरच पुस्तक उघडून काय राहिले ते पाहावे. रोडिगर आणि कार्पिकी यांनी 2006 साली विद्यापीठातील विद्यार्थ्यांवर हा प्रयोग केला, आणि त्यासाठी घेतलेले उतारे टोफेल या परीक्षेच्या तयारीच्या पुस्तकातील वाचन-विभागातून निवडले होते. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्या गटाने न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर विचारले तेव्हा पुन्हा वाचणाऱ्यांना अधिक आठवत होते. परंतु दोन दिवसांनी आणि एका आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे होते. दुसऱ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि तरी उत्तर सुचत नाही, असे तुम्ही पहिल्या प्रश्नात लिहिले होते. ओळखीचे वाटणे आणि सांगता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पुस्तक मिटून लिहिण्याने दुसरीचा सराव होतो.

भाषेविषयी माझा आग्रह नाही, क्रमाविषयी आहे. पहिले काही आठवडे जी भाषा लेखणीवर आधी येईल तिच्यात लिहावे, मग ती मराठी असो वा गुजराती, किंवा एकाच वाक्यात दोन्ही असोत. त्या वेळी आपण तपासतो ते एवढेच की लेखकाचे म्हणणे आपल्या हाती आले का, आणि ते परक्या भाषेत शब्द जुळवण्याच्या कष्टामुळे झाकले जाऊ नये. भाषांतर ही वाईट सवय आहे का, या तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. शब्दाला शब्द ठेवत जाणारे भाषांतर वाचनाला अडवते, कारण इंग्रजी वाक्याचा क्रम मराठीत चालत नाही. संपूर्ण परिच्छेद समजून घेऊन त्याचा आशय आपल्या भाषेत सांगणे हे मात्र आकलनच आहे. तीन वाक्यांपेक्षा अधिक लिहू नये. पहिल्या वाक्यात लेखक कशाविषयी बोलतो आहे, दुसऱ्यात तो काय म्हणतो, आणि तिसऱ्यात तो कशाच्या आधारे म्हणतो, एवढे आले की पुरे.

हे सहज जमू लागले की तीच तीन वाक्ये इंग्रजीत लिहायला घ्यावीत, आणि लिहिताना मूळ परिच्छेदातील सलग चार शब्दही जसेच्या तसे घेऊ नयेत. अर्थशास्त्राच्या संज्ञा अर्थातच बदलू नयेत, त्या तशाच ठेवाव्यात. परीक्षेतील उत्तरांची तयारी यातूनच होते, त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

मांजलपूरच्या मित्रांनी परीक्षेच्या वेळापत्रकाविषयी लिहिले आहे ते योग्य आहे. तुमची परीक्षा अजून दूर असल्याने आठवड्यातून एक दिवस घड्याळ लावून उतारा सोडवावा आणि त्यांनी सांगितलेली चुकांची वही ठेवावी. बाकीचे दिवस उलगडून वाचण्याला द्यावेत. पतधोरणाच्या ठरावातील चलनवाढीचा परिच्छेद आधी घ्या, त्यावरची तुमची तीन वाक्ये आणि अडलेले एखादे लांब वाक्य इथे लिहा, म्हणजे त्यातील कर्ता, क्रियापद आणि मधली शेपटे आपण मिळून सोडवू.